काउंटीच्या तुरुंगात फेडरल कैदी: घ्यावेत की नकोत?

सीबीआय किंवा एनआयएने पकडलेला माणूस मुंबईत आर्थर रोडला नाहीतर तळोज्याला जातो. खटला केंद्राचा, तुरुंग राज्याचा. ‘तुमच्याकडे जागा आहे का?’ असं राज्याला कोणी विचारत बसत नाही. आर्थर रोडमध्ये माणसं अधिकृत क्षमतेच्या कितीतरी पट.

अमेरिकेत मात्र विचारावं लागतं, आणि तेही पार १७८९ पासून. पहिल्याच काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, राज्यांना विनंती केली होती, की आमचे कैदी तुमच्या तुरुंगात ठेवा, माणशी महिना ५० सेंट देऊ. जॉर्जिया नाही म्हणालं, तेव्हा मार्शलला, म्हणजे फेडरल कोर्टाचे कैदी सांभाळणाऱ्या केंद्राच्या अधिकाऱ्याला, भाड्याने जागा घ्यायची मुभा द्यावी लागली. आजही मार्शल्स सर्व्हिसच्या मालकीचा एकही तुरुंग नाही. त्यांचे कच्चे कैदी रोज पन्नास-साठ हजारांच्या घरात असतात आणि त्यांतले बरेचसे काउंट्यांच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांच्या, तुरुंगांत राहतात. तेव्हा तुमच्या काउंटीपुढे पैसे घेऊन फेडरल, म्हणजे केंद्राचे, कैदी ठेवायचा ठराव आला असेल, तर ‘नको’ म्हणायचा हक्क तुम्हाला नक्की आहे. तो वापरायचा का, एवढंच ठरवायचं आहे.

आमच्या न्यू जर्सीत २०१७ पासून रोख जामिनाची पद्धत जवळजवळ बंद झाली. कच्चे कैदी घटले, बराकी रिकाम्या पडल्या. रिकामी बराक दिसली की बजेट मांडणाऱ्याचे हात शिवशिवतात. हिशोबही गोड दिसतो: दिवसाला १०० डॉलरचा दर धरला, तर ५० बेडचे वर्षाला १८ लाख २५ हजार डॉलर.

इथे घाई नको. चालू बराकीत दहा बेड रिकामे असतील, पहारा आधीपासून असेल, तर येणाऱ्या पैशातून फार तर जेवण, औषधं आणि कपडे वजा जातात. उरलेला खरा नफा. पण कुलूप लावलेली बराक उघडायची म्हटलं की गणित फिरतं. पहाऱ्याची एक जागा चोवीस तास, सातही दिवस भरायची म्हणजे आठवड्याचे १६८ तास. चाळीस तासांच्या आठवड्याने भागा, रजा-आजारपण धरा, की एका खुर्चीमागे पाच माणसं लागतात. त्यांचा पगार, विमा, पेन्शन काउंटीच्या माथी. आणि समोरून हमी काय? करार सहसा कमीत कमी इतके कैदी पाठवूच असं म्हणत नाही, आणि महिन्याभराच्या नोटिशीने मोडता येतो. दर साधारण तीन वर्षं तोच राहतो, पगार मात्र राहत नाहीत. कैदी आला त्या दिवसाचे पैसे मिळतात, गेला त्या दिवसाचे नाहीत. कोर्टाच्या तारखांमुळे ये-जा जास्त असेल, तर हेही टोचतं. बाहेरच्या हॉस्पिटलचं बिल केंद्र देतं, तुरुंगातल्या दवाखान्याचा खर्च त्याच दरात बसवायचा.

जबाबदारीचा मुद्दा काउंटीच्या सभेत कोणी काढत नाही. टेक्सासमधल्या एका काउंटी तुरुंगात फेडरल कैद्याने आत्महत्या केली. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की तिथले पहारेकरी कंत्राटदाराचे नोकर आहेत. त्यांच्या हलगर्जीची भरपाई केंद्राकडे मागता येणार नाही. म्हणजे भाडं केंद्राचं आणि दावा तुमच्यावर. विम्याचा हप्ता किती वाढेल, हे विचारल्याशिवाय हात वर करू नका.

मग घ्यायचेच कशाला? एक कारण मला खरोखर पटतं. खटला नेवार्कच्या फेडरल कोर्टात असेल, तर माणूस जवळच्या तुरुंगात असलेला बरा. वकील भेटू शकतो, आई बसने येऊ शकते. नकार दिल्याने कैदी सुटत नाही, लांब जातो. २०२१ मध्ये एसेक्स, हडसन आणि बर्गन काउंट्यांनी आइसचे, म्हणजे इमिग्रेशन खात्याचे, करार सोडले. तेव्हा काही जणांना दूर हलवलं गेलं आणि त्यांच्याच वकिलांनी तक्रार केली. शिवाय तुरुंगाची फेडरल तपासणी होते, तिचा फायदा स्थानिक कैद्यालाही मिळतो.

तरी मार्शलचा कैदी आणि आइसचा माणूस एका मापाने मोजू नका. पहिल्यावर गुन्ह्याचा खटला आहे, त्याला सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. दुसऱ्याचं प्रकरण दिवाणी, सरकारी वकिलाचा हक्क नाही. आणि विषय राजकारणाचा, वारं फिरलं की करार गेला. हडसनने २०२० मध्ये नागरिकांचा विरोध असतानाही करार वाढवून घेतला आणि वर्षभरात सोडूनही दिला. इलिनॉयने २०२१ मध्ये कायद्यानेच बंदी घातली; मॅकहेन्री आणि कँककी काउंट्या कोर्टात गेल्या आणि हरल्या. उलट टोक लुईझियाना: तिथे राज्य आपल्या कैद्यामागे दिवसाला साधारण पंचवीस डॉलर देतं, आइस त्याच्या दुपटीहून जास्त. तिथल्या २०१७ च्या शिक्षा-सुधारणांनी रिकामे झालेले बेड शेरीफांनी, म्हणजे स्थानिक तुरुंग चालवणाऱ्या पोलीसप्रमुखांनी, आइसला दिले. ज्या खात्याचं भाडं येतं त्याच्यावर मग ऑफिस चालतं.

तिसरी वाट शेजारच्या काउंटीची. एसेक्सने आइसऐवजी युनियन काउंटीचे कैदी घ्यायचं ठरवलं. कैदी त्याच भागातले, आणि समोरचा पक्ष हाकेच्या अंतरावर. अशी काउंटी मिळाली तर मी आधी तिचं बघेन.

नाही मिळाली, तर माझा कौल असा: मार्शलचे कच्चे कैदी घ्या, पण चालू बराकीतल्या रिकाम्या बेडपुरतेच. नवीन भरती नको, नवा मजला तर मुळीच नको. आलेला पैसा पगाराला न लावता छप्पर, नळ, लिफ्ट अशा एकदाच करायच्या कामांना लावा. आइसचा ठराव वेगळा आणा, त्यावर वेगळं मत घ्या; माझं ‘नाही’ असेल.

काउंटीचा कारभार बघणाऱ्या कमिशनरांच्या सभेत बोलायला जेमतेम काही मिनिटं मिळतात. मी ती करारातल्या एकाच ओळीवर घालवीन: मार्शलखेरीज आणखी कोणत्या खात्याला हे बेड वापरता येतील? मार्शलच्या करारात आइसचं नाव जोडता येतं, आणि तसं असेल तर वेगळा ठराव तुमच्यापुढे येणारच नाही.