बटण नसलेली शेगडी: शब्बाथच्या प्लाटाची पारख

शब्बाथ म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतचा ज्यूंचा विसाव्याचा दिवस. इस्रायलमधल्या बहुतेक शब्बाथ पाळणाऱ्या घरांत फ्रिजच्या बाजूच्या फटीत एक चपटा, चकचकीत पत्रा उभा करून ठेवलेला असतो. शुक्रवारी दुपारी तो ओट्यावर आडवा होतो आणि शनिवारी रात्री परत फटीत जातो. शब्बाथला अन्न गरम ठेवणारी ही विजेची शेगडी; हिब्रूत तिला प्लाटा म्हणतात. दिमोना, लोद, अश्दोद या इस्रायली शहरांतल्या मराठी ज्यूंच्या घरांतही हाच शब्द रुळलाय. हल्ली ठाणे-मुंबईकडे येणाऱ्या पाहुण्यांच्या बॅगेतूनही तो येतो, म्हणून ही पारख.

वस्तू अगदी साधी. वर ॲल्युमिनियमचा किंवा स्टीलचा पत्रा, आत तापणारी तार, खाली चार बुटके पाय, एक वायर, फार तर एक लाल दिवा. बटण नाही. आच कमी-जास्त करायची फिरकी नाही. पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला वाटतं, कंपनीने कंजूषपणा केला. खरं तर पैसे त्या नसलेल्या फिरकीचेच आहेत.

शब्बाथच्या दिवशी घरात विस्तव पेटवू नये, असं बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या ३५व्या अध्यायात स्पष्ट म्हटलंय. पुढे शास्त्रकारांनी वर्ज्य कामांचे ३९ प्रकार ठरवले, त्यांत पेटवणं, विझवणं आणि शिजवणं हे तिन्ही आले. आच वाढवली की पेटवल्यासारखं, कमी केली की विझवल्यासारखं. शिजलेलं अन्न गरम राहू द्यायला मात्र हरकत नाही. उलट शनिवारी गरम जेवण हा शब्बाथच्या आनंदाचाच भाग. मग अडचण एवढीच उरते की फिरकी समोर असली की हात तिकडे जातो. बोलता बोलता, सवयीने, रस्सा जरा निवलाय असं वाटलं म्हणून. प्लाटाला फिरकीच नसल्यामुळे हा मोह मुळातच खुंटतो. पूर्वी गॅसच्या शेगडीवर जाड पत्रा टाकून फिरकी झाकत, अजूनही कुणी टाकतात. पण बंद खोलीत ज्योत पंचवीस तास ठेवायची, वाऱ्याने विझली तर गॅस पसरणार आणि सिलिंडर मध्येच संपला तर संपला. त्या मानाने प्लाटा कितीतरी बरा.

आकार भांड्यांच्या हिशोबाने मिळतो: चार भांड्यांचा, सहाचा, आठचा. चार माणसांच्या घराला चार भांड्यांचा पुरतो. मोठा घेतला तर कडेची जागा वाया जाते, कारण सगळा पत्रा सारखा तापत नाही. मधला भाग चांगला चटका देतो, कडा आणि कोपरे बरेच मंद राहतात. हा दोष म्हणून सांगितला जातो, पण वापरायचं कळलं तर हीच सोय आहे. मटण-चिकनचा रस्सा मधोमध, भात एका बाजूला, चपात्यांचा डबा कोपऱ्यात. नव्या प्लाटाची पहिली परीक्षा गुरुवारी करावी. मध्ये आणि कोपऱ्यात पाण्याची एकेक पातेली झाकून ठेवा आणि तीन तासांनी स्वयंपाकाच्या थर्मामीटरने बघा. अन्न सुरक्षित राहायला ६० अंशांच्या वर हवं. कोपरा त्याच्या खाली गेला तर तिथे फक्त पाव आणि चपात्या ठेवायच्या.

भांड्यांच्या बाबतीत आपल्याकडची पंचाईत वेगळी. इस्रायली भांड्याची बूड सपाट असते. आपली जुनी पातेली आणि टोप ठोकून ठोकून बुडाशी गोलसर झालेले, कढईचं तर बोलायलाच नको. बूड पत्र्याला टेकली नाही तर उष्णता चढत नाही आणि मग प्लाटाला नावं ठेवली जातात. जाड बुडाची सपाट स्टीलची भांडी घ्या. कोकम किंवा चिंच घातलेलं कालवण ॲल्युमिनियमच्या टोपात रात्रभर ठेवू नका. आंबट धातूला लागतं आणि सकाळी चव कळकते.

आता पदार्थ. प्लाटा अन्न शिजवत नाही, राखतो. सूर्यास्ताआधी सगळं पूर्ण शिजलेलं हवं. बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, स्वयंपाकात मांसाबरोबर दूध-दही चालत नाही म्हणून नारळाचं दूध सढळ असतं, आणि प्लाटावर पहिली फजिती त्याचीच होते. घट्ट पहिलं दूध तासन्‌तास तापलं की फुटतं, वर तेल आणि खाली कणी. शनिवारच्या जेवणासाठी रस्सा करायचा असेल तर तो पातळ दुधात शिजवा, एका नारळाला चमचाभर तांदळाचं पीठ पाण्यात कालवून लावा आणि नेहमीपेक्षा अर्धी वाटी पाणी जास्त ठेवा, कारण तेवढं आटतं. घट्ट दूध शनिवारी वरून ओतता येणार नाही; गरम भांड्यात कच्चं घालणं म्हणजे शिजवणंच. मासळीचं कालवण शुक्रवार रात्रीपुरतंच. तीन तासांपुढे तुकडे विरतात, काटे रश्शात उतरतात आणि मग लहान मुलांना वाढताना जीव टांगणीला.

भात हमखास सुकतो, तोही बुडाकडून. दोन वाट्या तांदळाला नेहमीपेक्षा पाव वाटी पाणी जास्त, झाकणाखाली फॉइलचा एक थर आणि भांडं मधोमध नको. अख्खे बटाटे, उकडलेली अंडी, छोले, वाटाणे मात्र प्लाटावर उलट चवीला येतात. राजमा असेल तर आधी दहा मिनिटं खळखळून उकळलेला आणि पूर्ण मऊ शिजलेला हवा. अर्धकच्चा राजमा मंद आचेवर सोडून देणं पोटाला घातक; त्यातलं विष मंद उष्णतेने मरत नाही.

भांडं उबदार राहावं म्हणून सगळ्या बाजूंनी टॉवेल किंवा गोधडी गुंडाळण्याची आजीकाळची सवय प्लाटावर चालत नाही. आचेवर असलेलं भांडं पूर्ण गुंडाळणं शास्त्रातही वर्ज्य, आणि कापड तापलेल्या पत्र्याला टेकतं ते निराळंच. वरून हलकं फडकं टाकायचं असेल तर बाजू उघड्या ठेवाव्यात. वाढताना भांडं आधी प्लाटावरून उतरवायचं, मग डाव घालायचा. वर असताना ढवळू नये. उरलेलं परत ठेवायचं असेल तर ते पूर्ण शिजलेलं आणि अजून गरम हवं. फ्रिजमधलं गार अन्न थेट ठेवण्याबाबत पंथापंथांत फरक आहे. सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेनकडच्या ज्यूंच्या, परंपरेत सुकं, पूर्ण शिजलेलं अन्न ठेवायला बरेच जण मोकळीक देतात. गार रश्शाचं मात्र बहुतेकांना चालत नाही. आश्केनाझी, म्हणजे मूळ मध्य-पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या, घरांत बरेचदा मध्ये एक उलटं ताट घालून त्यावर भांडं ठेवतात. बेने इस्राएलांची प्रार्थना सेफार्दी वळणाची आहे, पण घरोघरची रीत वेगळी. आपल्या सिनेगॉगमधल्या (प्रार्थनाघरातल्या) जाणत्याला एकदा विचारून घ्यावं, दर शुक्रवारी वाद नको.

प्लाटाबरोबर जो टायमर घेतात, त्याला शब्बाथचं घड्याळ म्हणतात, आणि खरी गडबड इथेच होते. साध्या यांत्रिक टायमरच्या चकतीवर ९६ पिना असतात, एक पिन म्हणजे १५ मिनिटं. बहुतेकांत दाबलेली पिन म्हणजे चालू, पण उलट चालणारेही आहेत. टेबललॅम्प लावून आधी बघा. बाजूला एक छोटी कळ असते: एकीकडे घड्याळ, दुसरीकडे कायम चालू. शंभरातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ ही कळ चुकीच्या बाजूला राहण्यात असतं.

चकती २४ तासांची आणि शब्बाथ सुमारे २५ तासांचा. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी ६ ते रात्री साडेदहा चालू ठेवलं असेल तर शनिवारी संध्याकाळी ६ ला रिकामा प्लाटा आपोआप पुन्हा तापतो. तेव्हा त्यावर प्लास्टिकचा डबा किंवा वर्तमानपत्र सोडलेलं नसावं. आठवड्याचा डिजिटल टायमर घेतला तर हा प्रश्न उरत नाही.

महाराष्ट्रात यांत्रिक टायमरचा दुसरा एक वैताग आहे. वीज गेली की चकती थांबते. दोन तास वीज गेली तर टायमर दोन तास मागे पडतो आणि शब्बाथ चालू असताना त्याला हात लावता येत नाही. सकाळी साडेनऊला तापायचा प्लाटा साडेअकराला तापतो. म्हणून इथे बॅटरीवर वेळ राखणारा टायमरच घ्या, थोडा महाग पडला तरी. इस्रायलमध्ये सापळा वेगळा: उन्हाळी वेळ मार्चच्या शेवटच्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी पहाटे लागू होते. त्या शुक्रवारी टायमर पुढे करायला विसरलात की प्लाटा, दिवे, एसी सगळं तासभर उशिरा.

रात्री प्लाटा बंद ठेवून वीज वाचवण्याचा मोह समजण्यासारखा आहे. ५०० वॉटचा प्लाटा सलग २५ तास चालला तर साडेबारा युनिट जातात. पण साडेदहाला बंद करून सकाळी साडेनऊला चालू केला आणि रस्सा त्यावरच राहिला, तर तो अकरा तास कोमट बसतो. मुंबईच्या जुलैत नारळाचा रस्सा त्यात आंबणारच, आणि कोमट भातात जंतू वाढले तर परत तापवून त्यांचं विष जात नाही. एकतर शनिवारचं अन्न रात्रभर सलग गरम राहू द्या आणि वीजबिल सोसा, नाहीतर रात्रीच ते फ्रिजमध्ये टाका आणि सकाळी फक्त सुकं बाहेर काढा. फ्रिजच्या आतला दिवा शुक्रवारीच काढून ठेवायचा किंवा दारातल्या कळीवर चिकटपट्टी. हे बहुतेकांना रात्री दार उघडायला हात घातल्यावर आठवतं.

इस्रायली प्लग आपल्या सॉकेटमध्ये बसत नाही. व्होल्टेज दोन्हीकडे २३० असल्याने प्लाटा इथे नीट चालतो, पण प्रवासाचा स्वस्त ॲडॉप्टर लावून पंचवीस तास ठेवू नये. सैल संपर्क तापून वितळतो. इलेक्ट्रिशियनकडून तीन पिनांचा आयएसआय प्लग लावून घ्या. वरचा पत्रा धातूचा, म्हणून अर्थिंग हवंच. ग्रॅनाइटचा ओटा उत्तम. सनमायका किंवा लाकडी टेबल असेल तर खाली फरशी घाला. पडदा, भिंत आणि लटकणारी वायर यांपासून हातभर लांब. ही खबरदारी उगाच नाही: मार्च २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये शब्बाथच्या रात्री चालू ठेवलेल्या अशाच शेगडीपासून आग लागून एका घरातली सात मुलं गेली. धुराचा इशारा देणारं यंत्र झोपायच्या खोल्यांजवळ लावा. प्लाटाच्या किमतीपुढे त्याचा खर्च काहीच नाही.

इथे प्लाटा मिळत नाही म्हणून लोक इंडक्शन किंवा बुफेचा काचेचा वॉर्मर वापरून बघतात. इंडक्शन साफ बाद. भांडं उचललं की ते बंद होतं, ठेवलं की चालू होतं. म्हणजे प्रत्येक वाढणीला कळ दाबल्यासारखंच. वॉर्मरमध्ये बरेच दोन-चार तासांनी आपोआप बंद होतात. तसा नसलेला सापडला आणि फिरकीवर शुक्रवारी चिकटपट्टी लावली तर काम भागतं.

चहाचं वेगळं बघावं लागतं. प्लाटावर पाणी कधी पिण्याजोगं उकळत नाही, त्यासाठी मेहाम म्हणजे पाण्याचा विजेचा हंडा लागतो, आणि त्यातलं पाणी सूर्यास्ताआधी उकळलेलं हवं. चहापत्तीचा दाट अर्क शुक्रवारीच काढून बाटलीत ठेवा. हंड्यातलं पाणी आधी कोरड्या पेल्यात, तिथून दुसऱ्या पेल्यात, मग अर्क. पत्तीवर थेट हंड्याचं पाणी ओतलं तर तो स्वयंपाक झाला.

एवढं सगळं वाचून लक्षात येईल की प्लाटा शनिवारचं काम कमी करत नाही, तो ते शुक्रवारवर ढकलतो. शब्बाथ सुरू करणाऱ्या मेणबत्त्या लावायच्या सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी, यरुशलेममध्ये ४० मिनिटं आधी. मुंबईत नोव्हेंबरअखेर सूर्य ६ च्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला ७:२० च्या आसपास. म्हणजे हिवाळ्यात पावणेसहाला घरातली सगळी कामं थांबलेली हवीत. त्या दिवशी कामावरून ५ ला सुटणाऱ्याला प्लाटाचा काही उपयोग नाही. भांडी गुरुवारी रात्री शिजवावी, किद्दुशच्या (शब्बाथच्या पेल्यावरच्या आशीर्वादाच्या) शरबताच्या काळ्या मनुका शुक्रवारी सकाळीच भिजत घालाव्यात आणि प्लाटा मेणबत्त्यांच्या निदान तासभर आधी लावावा, म्हणजे पत्रा नीट तापलेला असतो आणि भांडी उकळती असतानाच त्यावर जातात. गार पत्र्यावर ठेवलेलं भांडं रात्री ९ पर्यंत कोमटच राहतं आणि दोष येतो प्लाटावर.

कोकणात बेने इस्राएलांना गावकरी शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. बायबलच्या दहा आज्ञांतल्या चौथ्या आज्ञेत गुराढोरांनाही विसावा सांगितलाय, तेव्हा घाण्याचा बैलही मोकळा. त्यांना टायमर लागत नव्हता, पण तेल शुक्रवारपर्यंत काढून ठेवावं लागतच असणार.

प्लाटाची किंमत शे-दोनशे शेकेलांच्या (इस्रायली चलन) घरात; त्यात तो पुष्कळ वर्षं चालतो, कारण आत बिघडण्यासारखं फारसं काही नाहीच. बिघडते ती वायर, पत्र्याला चिकटून वितळल्याने. शनिवारी रात्री हवदाला, म्हणजे शब्बाथ संपवणारा विधी, झाल्यावर आधी प्लग काढा, तास-दीड तास निवू द्या. पाण्याखाली धरू नका, ओल्या फडक्याने पुसा. सांडलेला रस्सा करपून चिकटला असेल तर खायचा सोडा आणि लिंबाची फोड. तारेची घासणी लावली तर पुढच्या वेळी त्याच चऱ्यांत सगळं अडकतं. वायर पूर्ण गार झाल्यावरच गुंडाळा, आणि सैल गुंडाळा.