जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट २२ (एक्सएफसीई)

घरातला २०१२ सालचा लॅपटॉप तिसऱ्या पिढीच्या आय-३ प्रोसेसरचा आणि ४ जीबी रॅमचा आहे. विंडोज १० ला मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागत असल्यामुळे, यंत्र भंगारात द्यायचे की लिनक्स या मोफत संगणक-प्रणालीकडे वळायचे, एवढाच प्रश्न उरला होता.

लिनक्स मिंट ही लिनक्सची एक प्रचलित आवृत्ती सिनॅमन, माते आणि एक्सएफसीई अशा तीन रूपांत (डेस्कटॉपच्या मांडणींत) मिळते. त्यांतले एक्सएफसीई सर्वांत हलके, म्हणून तेच निवडले. उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्स प्रणालीवर बेतलेल्या या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा-सुधारणा मिळणार आहेत, ही माझ्या दृष्टीने तिची सर्वांत मोठी जमेची बाजू. कारण जुन्या यंत्रावर दर वर्षी नवी प्रणाली बसवण्याचा उत्साह कोणालाच नसतो. मात्र ही आवृत्ती केवळ ६४ बिट प्रोसेसरवर चालते. ३२ बिट यंत्र असलेल्यांनी अँटीएक्ससारख्या हलक्या लिनक्सच्या पर्यायाकडे पाहावे.

प्रणाली बसवण्यापूर्वी ती पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते आणि ही पायरी कोणीही टाळू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आवाज, वायफाय, टचपॅड, स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करण्याची बटणे हे सारे तेव्हाच तपासून घेतले, तर हार्ड डिस्क पुसल्यानंतर पस्तावण्याची वेळ येत नाही.

मराठी टंकलेखनाबद्दल मला धाकधूक होती, पण कीबोर्डच्या यादीत मराठीचा इनस्क्रिप्ट आराखडा मिळाला आणि जोडाक्षरे लिब्रेऑफिस या मोफत लेखन-प्रणालीत व्यवस्थित उमटली. रोमन अक्षरांनी मराठी लिहिण्याची सवय असलेल्यांना आयबस हे टंकलेखनाचे साधन आणि त्याची एम१७एन ही जोड बसवावी लागेल; ते काम अवघड नाही, पण नवख्याला ते आपोआप सुचणारेही नाही.

वेगाबाबत अवास्तव अपेक्षा ठेवू नयेत. प्रणाली हलकी असली तरी ब्राउझर हलका होत नाही, आणि दहा-बारा टॅब उघडताच ४ जीबी रॅम अपुरी पडते. खरा फरक पडला तो जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवल्यावर. किंबहुना खर्चाला हात आखडता घ्यायचा असेल, तर रॅमच्या आधी एसएसडी घ्यावी, असेच मी म्हणेन. टाइमशिफ्टने प्रणालीची प्रत ठेवण्याची सोय उत्तम आहे. परंतु ती मुख्यतः प्रणालीपुरती असते, स्वतःच्या फायली वेगळ्या जपाव्या लागतात.

एक अडचण मात्र सुटलेली नाही. युनिकोड ही सर्व संगणकांवर चालणारी अक्षर-पद्धत रुळण्याआधीच्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेली वडिलांची जुनी पत्रे इथे उघडली की निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात. ती युनिकोडमध्ये आणून एकेक पान ताडून पाहीपर्यंत विंडोजची ती काढलेली हार्ड डिस्क मी न पुसता कपाटात ठेवली आहे.