जळगावातल्या गेटबंद संकुलात दुसरा उन्हाळा: शेजार मिळाला का?

पिंप्राळ्याच्या बाजूला चार विंगांच्या नव्या संकुलात आम्ही राहतो. लिफ्ट, पाणी, पार्किंग ठीकठाक. त्यावर बाकीच्यांनी पुष्कळ लिहिलंय. माहितीपत्रकात 'एकच मोठं कुटुंब' असं छापलं होतं, त्याचं काय झालं तेवढं सांगतो.

क्लबहाऊसने काही जमवलं नाही. वाढदिवसापुरतं उघडतं, एसीचे पैसे वेगळे. जॉगिंग ट्रॅकवर ४४-४५ अंशांत कोण फिरणार? हौशी मंडळी पहाटे मेहरूण तलावच गाठतात.

सुरुवातीला ओळख विंगेची होती, 'ए'वाले आणि 'सी'वाले. त्याच्या आत गावाची. लिफ्टमध्ये दोन मजले जाईस्तोवर 'मूळ कुठले?' ठरलेलं. यावल-रावेर निघालं की लेवा बोली सुरू, अमळनेर-पारोळा निघालं की अहिराणीत 'बरं शे ना?'. बदलीवर आलेला सांगलीकर बिचारा मजल्याचे आकडे बघत उभा.

हे मोडलं गच्चीपायी. उन्हाळा लागला तरी गच्चीला कुलूप. म्हणे वर्दळीने वॉटरप्रूफिंग खराब होतं. मग पापड, कुरडया, बिबडे वाळवायचे कुठे? 'रेरा' या स्थावर मालमत्ता कायद्यानुसार निम्म्याहून जास्त फ्लॅट बुक झाले की तीन महिन्यांत सोसायटी स्थापन व्हायला हवी. आमची रखडलेली, त्यामुळे चावी बिल्डरच्या माणसाकडे. शेवटी चारही विंगांच्या बायका मिळून त्याच्या ऑफिसात जाऊन बसल्या आणि चावी घेऊनच उठल्या.

आता गच्चीची वही आहे, पाळ्या लागतात. उजाडायच्या आत ज्वारीचा घाटा शिजतो, ओल्या धोतरावर बिबडे थापले जातात. वाटीत गरम घाटा आणि वर कच्चं तेल घेऊन पोरं पाण्याच्या टाकीशेजारी बसतात, त्यात सांगलीकरांचीही दोन. कोणाची विंग कोणती, हे तिथे कोणी विचारत नाही.

कानबाईकडून, म्हणजे श्रावणातल्या खानदेशी देवीच्या सणाकडून, मात्र फार अपेक्षा ठेवू नका. तिच्या प्रसादाचे रोट भाऊबंदकीतच खायचे असतात, शेजाऱ्याला ते मिळत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण सोमवारी सकाळी विसर्जनाला निघताना खाली फुगड्या रंगल्या, तेव्हा अख्खं संकुल गॅलरीत होतं.

एक गोष्ट खटकते. वही सांभाळणाऱ्या ताई भाडेकरू आहेत. सोसायटी अखेर नोंदली गेली, पण पहिल्या सभेत त्यांना मत नव्हतं. त्यांचे घरमालक पुण्यात. ते सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त १० टक्के नॉन-ऑक्युपन्सी, म्हणजे स्वतः न राहता घर भाड्याने दिल्याचं शुल्क, भरणार, मत त्यांचं, आणि गच्ची त्यांनी बघितलीय की नाही शंकाच आहे. कायदा तसाच आहे, मान्य. तरी वाळवणाच्या वेळा ठरवायला भाडेकरूंनाही बोलवा, असा अर्ज आम्ही दिलाय. कमिटीत दोघांचा विरोध आहे, दोघेही 'ए' विंगचे.

पाचापैकी साडेतीन. अर्धा क्लबहाऊसचा कापला, एक भाडेकरूंचा.