गॅरेजपर्यंत जमिनीखालून वीज नेली: १४ महिन्यांनंतरचा अनुभव

घरापासून गॅरेज ३२ मीटरवर आहे. आधी एक्स्टेन्शन बोर्ड ओढून काम भागवत होतो. कंप्रेसर लावला की दिवे मंद व्हायचे आणि मोटर नुसती घुरघुरत राहायची, उचलच घ्यायची नाही. शेवटी चर खणून आर्मर्ड केबल (वर पोलादी तारांचं कवच, म्हणजे आर्मर, असलेली) टाकली. त्याला आता १४ महिने झाले, दुसरा पावसाळा चालू आहे. केबलने एकदाही त्रास दिला नाही. त्रास झाला तो दुसऱ्याच ठिकाणी, आणि मुख्यतः त्यासाठीच हे लिहितोय.

आधी केबलच्या साईजबद्दल. वायरमन ४ स्क्वेअर एमएम म्हणत होते. लोड बघता ते चूक नव्हतं, पण मी ६ चीच घेतली आणि त्याचं समाधान रोज मिळतंय. ६ स्क्वेअरच्या तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स किलोमीटरला ३.०८ ओहम, तुलनेला बारीक २.५ च्या तारेचा ७.४१. जाऊन-येऊन ६४ मीटर धरले तर ६ ला ०.२ ओहम होतात आणि २.५ ला जवळजवळ अर्धा ओहम. दोन एचपीची सिंगल फेज मोटर सुरू होताना क्षणभर ५० अँपिअर सहज ओढते. म्हणजे २.५ च्या वायरमध्ये त्या क्षणी २४ व्होल्ट वाटेतच संपतात, ६ च्या केबलमध्ये १०. आता कंप्रेसर एका झटक्यात सुरू होतो, ट्यूबलाईट जेमतेम एकदा लवते. नंतर गाडीचा चार्जरही तिथेच लावला. १४ अँपिअर चालू असताना मीटर लावून पाहिलं: घरी २३२, गॅरेजमध्ये २२९. चर एकदाच खणायचा असतो, तेव्हा केबलमध्ये कंजुषी करू नका.

चर पाऊण मीटर खोल घेतला. खाली वाळू, त्यावर केबल, पुन्हा वाळू, वर विटांची रांग आणि विटांच्या बरंच वर इशाऱ्याची पिवळी पट्टी. गाडी जाते तेवढ्या भागात केबल जाड पाईपमधून नेली. माती भरण्याआधी टेप धरून फोटो काढले, भिंतीच्या कोपऱ्यापासून किती अंतरावर केबल आहे ते दिसेल असे. आठ महिन्यांनी झाडासाठी खड्डा घेताना माळ्याला आधी ती पट्टी लागली आणि पहार तिथेच थांबली. खाली चालू केबल होती. त्या दिवशी पट्टीचं मोल कळलं.

आता चूक. पुढेमागे इंटरनेटची वायर न्यायची म्हणून त्याच चरात, केबलपासून थोडं अंतर ठेवून, एक रिकामा पाईप टाकला होता. विचार चांगला होता. पण त्याचं घराकडचं तोंड उघडं राहिलं, आणि गॅरेजकडचं टोक सरळ डीबीच्या (स्विचच्या मुख्य डब्याच्या) तळातून आत घेतलं. आमची जमीन गॅरेजच्या बाजूला उतरती आहे. पहिल्याच मोठ्या पावसात आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळला की वीज तोडणारा स्विच) पडला. उचलला, पुन्हा पडला. सगळे एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारे स्विच) खाली करूनही पडतच होता. वायरमननी दोन्ही टोकं सोडवून मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावला, केबल ठणठणीत निघाली. मग टॉर्च धरून डीबीत नीट पाहिलं. तळाशी बोटभर पाणी, आणि आरसीसीबीच्या पुढच्या न्यूट्रल पट्टीच्या खालच्या स्क्रूवर एक थेंब लोंबत होता, कडेने हिरवट झालेला. घराकडच्या तोंडात शिरलेलं पाणी अख्खा पाईप उतरून डीबीत येत होतं.

आता पाईपची दोन्ही तोंडं पाणी अडवणाऱ्या लांबीने (पुट्टीने) बंद आहेत. गॅरेजकडचं टोक भिंतीबाहेर एका वेगळ्या बॉक्समध्ये सोडलंय आणि त्या बॉक्सच्या तळाला पाणी निघायला भोक ठेवलंय. केबलही बाहेर आधी खाली वळसा घेऊन मग ग्लँडमध्ये (केबल डब्यात घट्ट धरणाऱ्या जोडात) शिरते, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी वळशावरच गळून जातं. त्यानंतर थेंबही आत आलेला नाही.

त्याच गडबडीत दुसरी गोष्ट लक्षात आली. घरी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी आणि गॅरेजमध्येही ३० चाच. लिकेज गॅरेजमध्ये, पण अंधार अख्ख्या घरात. कधी हा पडायचा, कधी तो. आता गॅरेजचा फीडर (तिकडे जाणारी मुख्य लाईन) घरच्या त्या आरसीसीबीच्या आधीच वेगळा काढलाय. त्यावर १०० मिलीअँपिअरचा, उशिरा पडणारा एस टाईप आरसीसीबी आहे, आणि गॅरेजमध्ये ३० चा. तेव्हापासून गॅरेजचा दोष गॅरेजपुरताच राहतो.

अर्थिंगबद्दल मात्र कळकळीने सांगतो. गॅरेजपाशी नुसता रॉड ठोकून अर्थिंग झालं असं समजू नका. रॉडचा रेझिस्टन्स २० ओहम असला तर २३० व्होल्टला जेमतेम साडेअकरा अँपिअर वाहतील. त्यावर ३२ अँपिअरचा एमसीबी पडणारच नाही, आणि आरसीसीबी नसेल किंवा बिघडला असेल तर मशीनची बॉडी लाईव्ह राहील. आमच्याकडे केबलचा तिसरा कोअर (आतली तिसरी तार) घरच्या अर्थला जोडलाय, आर्मरही दोन्ही टोकांना ग्लँडमधून अर्थ केलाय, रॉड त्याच्या जोडीला आहे. आणि गॅरेजच्या डीबीत न्यूट्रल व अर्थ एकत्र जोडू देऊ नका, नाहीतर परतीचा करंट अर्थच्या कोअरमधून आणि आर्मरमधूनही वाहायला लागतो.

बाकी किरकोळ. चराची माती पहिल्या पावसात चार बोटं खचली, दोनदा भर घालावी लागली. ती थरांनी चोपून भरायला हवी होती. आरसीसीबीचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबतो. परवा मोठा पाऊस होऊन गेल्यावर डीबी उघडून तळाला कोरडा कागद फिरवला. कागद कोरडाच बाहेर आला.