डोंगरउतारावरच्या घराचं डिझाईन: फोंडा परिसरातल्या एका आर्किटेक्ट ऑफिसचं काम

आधी काँटूर सर्व्हे, म्हणजे जमिनीच्या चढउतारांची मोजणी, मगच प्लॅन. हा क्रम हे ऑफिस मोडत नाही आणि फीचे निम्मे पैसे तिथेच वसूल होतात. डोंगर कापून सपाटी करण्याऐवजी जोतं दोन टप्प्यांत घेतलंय, मध्ये १.५ मीटरचा फरक. गोव्यात डोंगरकापणीला नगरनियोजन कायद्याच्या कलम १७-अ खाली परवानगी लागते, त्यामुळे कापणी जितकी कमी तितकं बरं. आजीची खोली, न्हाणी आणि देवघर रस्त्याच्या पातळीवर. गुडघे दुखणाऱ्या माणसाला एकही पायरी चढावी लागत नाही. फार सुंदर विचार!

रिटेनिंग वॉलचं, म्हणजे उताराची माती अडवणाऱ्या भिंतीचं ड्रॉइंग मात्र नीट तपासून घ्या. त्यात ७५ मिमीचे पाणी काढायचे पाइप दर १.५ मीटरवर दाखवलेत, मागे ३०० मिमी खडीही आहे. पण खडी आणि मातीमध्ये जिओटेक्स्टाईलचं, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड नाही. तांबडी माती खडीत शिरते, पाइप तुंबतात आणि ऐन जुलैत पाण्याच्या दाबानं भिंत फुगते. कापड मागून घ्या, नंतर भिंत उकरून ते घालणं फार महाग पडतं.

मंगळुरी कौलांचं छप्पर ३० अंशांत, पागोळ्या भिंतीपासून मीटरभर लांब. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीला गिलावा नसेल तर एवढं हवंच.