कागदी डमीवर पानरचना शिकवली: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

वृत्तपत्राची पानरचना शिकवताना पहिले दीड महिना कॉम्प्युटर बंद ठेवायचा, असं या तुकडीपासून ठरवलं. साधन एकच, कागदी डमी, म्हणजे पानावर काय कुठे बसेल याचा हाताने आखलेला आराखडा. आता आठ महिने झाले, म्हणून सविस्तर लिहितेय.

33 बाय 52 सेंटिमीटरचं छपाईक्षेत्र निम्म्या मापात घेतलं की ए-फोर कागदावर अख्खं पान मावतं. आठ कॉलम आखायचे आणि आधी जाहिराती बसवायच्या. हा क्रम मुलांना अजिबात पटत नव्हता. पण आठ कॉलम गुणिले 52 सेंटिमीटर उंची, म्हणजे पान एकूण 416 कॉलम सेंटिमीटरचं. त्यात 8 कॉलम बाय 25 सेंटिमीटरची जाहिरात आली की उरतात 216. ही वजाबाकी पेन्सिलीने केल्यावर लीड (पानाची मुख्य बातमी) कुठली, अँकर (पानाच्या तळाची ठळक बातमी) कुठली, चौकटीत काय जाईल, यावर खरे वाद सुरू झाले. मला तेच हवं होतं. सॉफ्टवेअरमध्ये बातमी मावली नाही की मुलं सरळ टाइप बारीक करायची. डमीवर ती सोय नाही. बातमी कापा, नाहीतर दुसरी काढा.

मथळ्यांच्या बाबतीत तर डमीने फारच मदत केली. एकाच आकाराचे दोन मथळे शेजारी आले की देवनागरीत शिरोरेषा एका ओळीत येतात आणि वाचणारा एका बातमीतून थेट दुसरीत शिरतो. हे तोंडी सांगून कळत नव्हतं. मथळ्यांच्या जागी जाड पट्ट्या रंगवल्यावर मुलांनी स्वतःच बोट ठेवलं.

डमी कमी पडते ती मजकुरात. वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या मात्रेला किंवा रफाराला भिडतो, तेव्हा ओळींमधलं अंतर किती वाढवायचं, हे टाइप प्रत्यक्ष लावल्याशिवाय समजत नाही. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना वेलांट्या जागा सोडतात, तेही कॉम्प्युटरवरच दाखवावं लागलं.

एक चूक मात्र माझी. निम्म्या मापामुळे आकारांचा अंदाज चुकत राहिला. पहिलं पान खऱ्या मापात छापून भिंतीवर लावलं तेव्हा कागदावर भारदस्त वाटलेला एक कॉलमी फोटो तिकिटाएवढा दिसला; त्यातले चेहरेही ओळखता येईनात. पुढच्या तुकडीला तिसऱ्या आठवड्यापासूनच पूर्ण मापाची डमी देणार आहे. कागद जास्त लागेल, लागू दे.