ओरांज की आस्पेंडोस? एकच रोमन थिएटर बघायचं असेल तर

फ्रान्समधलं ओरांज आणि तुर्कस्तानातलं आस्पेंडोस, या दोघांत गोंधळ होणं साहजिक आहे कारण बाकी बहुतेक ठिकाणी स्टेजमागची जी भिंत केव्हाच पडलीये ती या दोन्हीकडे अजून उभी आहे. सुट्टी आणि पैसे एकाच ट्रिपपुरते असतील तर माझं मत आस्पेंडोसला.

ओरांज वयाने मोठं, रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळातलं. भिंत १०३ मीटर लांब, ३७ मीटर उंच, चौदावा लुई म्हणे तिला आपल्या राज्यातली सगळ्यात सुंदर भिंत म्हणायचा. आत जायच्या आधी रस्त्यावरूनच मान वर करून बघा, अगदी वर दगडी टेकू ओळीने बाहेर आलेले दिसतील, त्यांना भोकं आहेत, त्यात खांब उभे करून प्रेक्षकांच्या डोक्यावर कापडाचं छत ताणायचे. आतून मात्र भिंत जवळजवळ उघडीबोडकी, खांब आणि संगमरवर बहुतेक गेलेत, मधल्या कोनाड्यात ऑगस्टसचा साडेतीन मीटरचा पुतळा तेवढा आहे. मधल्या काळात लोकांनी आत चक्क घरं बांधली होती, ती १९व्या शतकात हटवली आणि पायऱ्याही बऱ्याचशा नव्याने बसवल्या.

आस्पेंडोस सम्राट मार्कस ऑरेलियसच्या वेळचं, म्हणजे दीडेकशे वर्षांनी लहान. बांधणारा झेनॉन तिथलाच, आणि शिलालेखात दोघा भावांची नावं आहेत ज्यांनी ते देवांना आणि राजघराण्याला अर्पण केलं. इथे पायऱ्या, त्यांच्या डोक्यावरची कमानींची गॅलरी, समोरची दुमजली भिंत असं सगळं एकत्र टिकलंय, त्यामुळे आत शिरल्यावर थिएटर कसं असायचं ते कुणी समजावून सांगावं लागत नाही. टिकलं कारण १३व्या शतकात सेल्जुक तुर्कांनी डागडुजी करून ते वापरात ठेवलं, त्यांच्या गिलाव्यावरचे लाल झिगझॅग पट्टे अजून दिसतात, ते शोधाच, मला रोमन कोरीवकामापेक्षा तेच जास्त आवडतात. हल्लीच्या दुरुस्तीतले पांढरेशुभ्र दगड मात्र डोळ्यांना खुपतात.

ओरांज घ्यायचं ते ऑपेरासाठी. तिथला उन्हाळी महोत्सव १८६९ पासूनचा आहे आणि त्या भिंतीसमोर रात्री गाणं ऐकायला मिळत असेल तर माझं वरचं मत खुशाल विसरा. आस्पेंडोसलाही १९९४ पासून ऑपेरा-बॅले होतो, पण नुसतं दिवसा बघायला गेलात तरी पैसे वसूल. अंताल्या शहराहून साधारण ४५ किलोमीटर, आणि उन्हाळ्यात दगड भयंकर तापतात तेव्हा सकाळीच जा.